चहाच्या फळीवरचा गोळा

तो आला तोच मुळी घसरत!

दारात त्याने एक पाय ठेवला, आणि फरशीवर सांडलेल्या शंभर-दीडशे गोट्यांनी तो पाय अलगद उचलून पुढे नेला. मागोमाग दुसरा पाय गेला. मग काखेतली फाइल गेली. आणि शेवटी, दोन्ही हात हवेत फिरवत, तो सहा फुटी माणूस तपासणीच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आला आणि पाण्याच्या टाकीत जाऊन बसला. पडला नाही हं, बसला. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट जागचं हललंसुद्धा नाही.

"अगं बाई!" ती म्हणाली. तिच्या हातात झाडू होता. गोट्या तिच्याच हातून सांडल्या होत्या, आणि ती त्या गोळाच करत होती... म्हणजे तिने खरं तर धावत जाऊन माफी मागायला हवी होती. पण ती हसली. तोंडावर हात दाबून हसली, तरी हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलंच.

तो मात्र कमरेइतक्या पाण्यात शांत बसून समोर बघत होता. त्याच्याभोवती तपकिरी गोट्या डुलत होत्या.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा ना. आधी बाहेर येता का?"

"येतो. पण... हे दगडच आहेत ना?"

"हो. म्हणजे, दगडच."

"मग तरंगतायत कसे?"

तिचं हसू थांबलं. त्या खोलीत आजवर जो आला त्याने मालकीणबाई कुठे भेटतील विचारलं होतं, चहा मिळेल का विचारलं होतं. पण ओल्या पँटीत बसून गोट्यांबद्दल विचारणारा हा पहिलाच. तिच्या मनात काहीतरी टुणकन उडालं, आणि तिने ते लगेच दाबून टाकलं.

"उद्या याच वेळेला विचारा," ती म्हणाली. "तोवर बुडालेले असतील."

आता या गोट्यांचं प्रकरण काय, ते आधी सांगून टाकायला हवं.

कारखाना तिच्या आत्याचा. पुढच्या अंगाला दगड फोडायचं मोठं यंत्र, दिवसभर नुसता खडखडाट. तिथे साधी बांधकामाची खडी निघे. मागच्या अंगाला भट्ट्यांची शेड, एक मोठी, जुनी, चुना भाजायची, आणि एक छोटी, तिच्या प्रयोगांची. कारखान्यामागच्या टेकडीवर ज्वालामुखीचा जुना, भुसभुशीत, तपकिरी दगड होता. घराच्या पायाला तो चालत नसे, म्हणून त्याला कोणी विचारत नसे. शेजारच्या वीजकेंद्रात राखेचे डोंगर साचलेले, आणि पलीकडच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीतून रोज गाडाभर मळी निघे. ती कुठे टाकावी याची तिथल्या लोकांना पंचाईत. या तिन्ही नकोशा गोष्टी तिने एकत्र दळल्या. ते पीठ एका तिरप्या, फिरत्या लोखंडी तबकडीत पडे. तिला सगळे परातच म्हणत. वरून पाण्याचे शिंतोडे मारले की पिठाच्या आपोआप गोट्या वळत. त्या वाळवायच्या आणि भट्टीत घालायच्या. भट्टीत बाहेरून काचेसारखी साल धरते, आतून हवा फुगते, आणि गोटी टम्म होऊन बाहेर येते. खडीसारखी खडी, पण वजनाला निम्मी!

निदान तसं व्हायला हवं होतं. झालं असं, की गोट्या पहिल्या दिवशी छान तरंगायच्या आणि दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी जाऊन बसायच्या. बुडाली म्हणजे पाणी आत शिरलं. पाणी शिरलं म्हणजे कुठेतरी तडा आहे. आणि तडा असलेली गोटी दाब मोजायच्या प्रेसखाली धरली की तिचा भुगा. पाच वेळा तिने पिठाचं प्रमाण बदललं होतं. दगड कमी, राख जास्त. राख कमी, मळी जास्त. पालथ्या घड्यावर पाणी!

ती तपासणीवाली. कारखान्यात तिला सगळे 'चाळणी' म्हणत, कारण तिच्या नजरेखालून न चाळता काही पुढे जात नसे. आणि टाकीत बसलेल्याला त्याच संध्याकाळी नाव पडलं, 'हेल्मेट'. कारण चहा पितानाही त्याने ते काढलं नाही.

"गावात एक जुना दवाखाना आहे," हेल्मेटने आत्याच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसून सांगितलं, कारण पँट अजून ओली होती. "त्याच्यावर एक मजला चढवायचाय, बाळंतिणींसाठी. आता सोळा बायका एका खोलीत असतात. पण इमारतीचा पाया जुना. साध्या खडीचं काँक्रीट त्याला झेपणार नाही. हलकी खडी मिळाली तरच मजला होईल, नाहीतर विषय बंद. आमच्या बांधकामाच्या साहेबांनी मला दोन आठवडे इथे बसायला पाठवलंय. पुढच्या शनिवारी ते स्वतः येतील. गोट्या चोवीस तास पाण्यावर राहिल्या पाहिजेत आणि प्रेसचा काटा लाल रेघेच्या पुढे गेला पाहिजे."

आत्याने चष्म्यावरून भाचीकडे बघितलं. "ऐकलंस? मीही तेच सांगते. दोन आठवडे. जमलं तर तुझी भट्टी, तुझा विभाग, तुझं राज्य. नाही जमलं तर ती छोटी भट्टी मी विझवणार, आणि तू परत पुढे खडीच्या ढिगावर."

"आत्या, दोनच आठवडे?"

"वर्ष झालं, बाई! वर्षभर मी दगड तरंगायची वाट बघतेय. लोक मला वेड्यात काढायला लागलेत."

चाळणी बाहेर आली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. खडीच्या ढिगावर तिने चार वर्षं काढली होती. तिथे काम वाईट नव्हतं, पण तिथे तिला कधी 'हे असं का होतं?' असा प्रश्न पडला नव्हता. मागच्या शेडमध्ये तिला रोज पडायचा, आणि त्या प्रश्नासाठी ती सकाळी धावत कामावर यायची.

"घाबरलात?" मागून हेल्मेटने विचारलं.

"छे! तुम्ही नुसतं टाकीपासून लांब राहा."

तो काही लांब राहिला नाही. उंटावरून शेळ्या हाकायला आलेला साहेब असेल असं तिला वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तो बाह्या सरसावून राखेच्या पोत्याला हात घालायला हजर. सगळं त्याला करून बघायचं असे, आणि सगळं विचारायचं असे. हेच पीठ का, परात तिरपी का, शिंतोडे वरूनच का... तिने कितीही कपाळाला आठ्या घातल्या तरी उत्तर देताना तिचा आवाज आपोआप चढायचा, हात हवेत फिरायचे. आणि तो ऐकता ऐकता गोट्यांकडे बघायचं सोडून तिच्या हातांकडेच बघत बसायचा.

"गोट्या तिकडे आहेत," ती म्हणायची.

"हो का? मला वाटलं इकडे आहेत."

भट्टीवाले काका हे सगळं मिशीतल्या मिशीत हसत बघायचे. तीस वर्षं त्यांनी मोठी भट्टी सांभाळली होती. भट्टीच्या मागच्या भिंतीला त्यांनी एक फळी ठोकली होती, कायम कोमट असणारी. तिच्यावर त्यांची चहाची किटली बसायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चहा गार म्हणून होत नसे. दहा वाजता आणि चार वाजता तिघं त्या फळीशी जमत.

"काका, यांच्या हेल्मेटखाली काय असेल हो?" एकदा तिने विचारलं, तो समोर असतानाच.

"टक्कल," काका म्हणाले.

"साइटवर एकदा माझ्याशेजारी वीट पडली होती," हेल्मेट गंभीरपणे म्हणाला. "तेव्हापासून कानाला खडा. कामाच्या जागी काढत नाही."

"इथे चहाच्या कपात वीट पडणार आहे का?"

"सांगता येत नाही. इथली माणसं गोट्या सांडतात."

तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. त्याने कपाआडून बघितलं. आणि दोघांनी एकाच वेळी नजर फळीवरच्या किटलीकडे वळवली, जशी काही किटली पहिल्यांदाच दिसली.

शुक्रवारी त्याला परात चालवायची होती. तिने त्याच्या हातात फवाऱ्याचा नळ दिला. त्याने मारलं भसाभस पाणी! पिठाचा नुसता चिखल झाला.

"अहो, हळू! पाणी मारायचं नाही, शिंपडायचं. असं..." तिने त्याचं मनगट धरलं आणि हळूच हलवलं. एकदा, थांबून दुसऱ्यांदा. परातीत पिठाचे बारीक कण एकमेकांना चिकटायला लागले, घरंगळत वर गेले, खाली आले, मोठे झाले. दोघंही खाली वाकून बघत होते. तिने मनगट सोडायला हवं होतं. काम तर झालं होतं. तिच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही तिने आणखी दोनदा पाणी शिंपडून घेतलं.

"हे अहो-जाहो किती दिवस चालणार?" त्याने हळूच विचारलं.

"गोट्या चोवीस तास तरंगेपर्यंत," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं. तिच्या तळव्याला अजून त्याची ऊब जाणवत होती, आणि भट्टी तर वीस पावलं लांब होती.

पण गोट्या काही ऐकेनात. सहावं पीठ बुडालं. सातवं बुडालं. रोज सकाळी ती चप्पल वाजवत टाकीपाशी यायची, आणि टाकीच्या काठावर तो आधीच उभा असायचा. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळायचं. एकदा तर त्याने उगाच हात पाण्यात घालून एक गोटी वर धरून ठेवली होती.

"ही तरंगतेय," तो म्हणाला.

"तुम्ही धरलीय ती."

"हो... पण तरंगतेय."

तिला रडू येत होतं आणि हसूही. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी आठवं पीठ बुडालं तेव्हा मात्र नुसतंच रडू आलं. तो शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "तुम्हाला एक विचारायचं होतं..."

"विचारा."

"म्हणजे... मी असा विचार करत होतो, की शनिवारनंतर..."

"चहाऽऽ!" शेडमधून काकांची हाक आली. तो दचकून उठला. "नंतर," तो म्हणाला. "नीट विचार करून विचारतो."

ती दोन दिवस 'नंतर'ची वाट बघत राहिली. माणसाने प्रश्न अर्धवट सोडू नये, विशेषतः तपासणीवालीसमोर!

बुधवारी सकाळी नववं पीठ भट्टीत होतं. छोट्या भट्टीच्या दाराला एक काचेचं छिद्र होतं, त्यातून आत लालबुंद दिसे. या नवव्यावर तिची सगळी भिस्त होती. हेल्मेट शेजारी उभा होता, आणि आज तो एकही प्रश्न विचारत नव्हता. उलट एक पाय सोडून दुसऱ्या पायावर उभा राहत होता.

"काय झालंय तुम्हाला?"

"कुठे काय... काही नाही."

आणि त्याच क्षणी भट्टीच्या आत झालं, *फट्!*

बारीकसारीक नाही, चांगलं दणदणीत. छिद्राच्या काचेवर आतून तुकडे आदळले. गोट्यांचा ट्रे तिरपा झाला. ती किंचाळलीच. तिच्या गोट्या एवढा आवाज करूच शकत नव्हत्या, शेंगदाण्याएवढ्या त्या!

"आत काय होतं?" तिने वळून विचारलं.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी... मी एक गोळा ठेवला होता. लिंबाएवढा. तुमच्याच पिठाचा. काल वळला, ओव्हनमध्ये दोन तास वाळवला, आणि सकाळी ट्रेच्या कोपऱ्यात..."

"का?"

त्याने मान खाली घातली.

"का पण? खेळायला? शेवटचे तीन दिवस राहिलेत! माझं नववं पीठ होतं त्यात! तू काय केलंस हे? तुला कळतंय का तू काय केलंस?"

'तू' कधी आलं ते तिलाही कळलं नाही. ते असं यायला नको होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "साहेबांना मीच सांगतो. आणखी चार दिवस मागून बघतो."

"जा," ती म्हणाली. "साइटवर जा तुझ्या. इथे नको थांबूस."

तो गेला. जाताना त्याने फरशीवर पडलेली एक गोटी उचलून टेबलावर ठेवली, कोणी घसरू नये म्हणून. ते तिने बघितलं, आणि तिला आणखीच राग आला.

भट्टी गार झाल्यावर तिने ट्रे बाहेर काढला. सगळ्या गोट्यांना गोळ्याचे तुकडे चिकटले होते. दुसरं कोणी असतं तर उचलून उकिरड्यावर टाकलं असतं. पण चाळणी ती चाळणीच. न बघता काही फेकणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने एकेक तुकडा भिंगाखाली धरला. एका तुकड्यावर टोकदार काहीतरी फिरवून कोरल्याची खूण होती. 'म्ह'. म्ह? असेल काहीतरी पोरकटपणा. तिने तो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

आणि मग ती थांबली.

गोळा बाहेरून आत फुटला नव्हता. आतून बाहेर फुटला होता. साल चांगली घट्ट धरली होती, पण आत पाणी राहिलं होतं. भट्टीत त्याची वाफ झाली, वाफेला वाट मिळेना, तिने साल फोडून वाट काढली. तिने लगेच परवा बुडालेली एक गोटी भिंगाखाली धरली. तडा होताच, केसाएवढा. तोही आतून बाहेर आलेला! मोठ्या गोळ्यात जे फट् झालं, तेच तिच्या शेंगदाण्याएवढ्या गोट्यांत गुपचूप होत होतं.

"आई गं!" ती मोठ्याने म्हणाली. दोन आठवड्यांच्या धास्तीने ती गोट्या ओव्हनमध्ये दोन तासांत वाळवत होती. आणि त्याआधीही, सवयीने, दोन तासच. तिने नऊ पिठं बदलली होती. वाळवणं एकदाही बदललं नव्हतं!

ती धावत शेडमध्ये गेली. "काका! मला हळू वाळवायचंय. एकदम हळू, एकदम कमी ऊब. कुठे होईल?"

काकांनी किटली उचलली आणि फळीच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "इथे तर चार दिवस वाळतोय एक. शनिवारी ठेवला त्याने. म्हणाला, नीट जमला नाही, दुसरा करतो. मग तो दुसऱ्याच्या नादाला लागला, आणि हा बिचारा राहिला इथेच."

लिंबाएवढा, करडा गोळा होता. तिने तो हातात घेतला. फुलासारखा हलका, कोरडा ठणठणीत. तिने तो फिरवला. त्याच्यावर सुईने कोरलेले दोन वाकडेतिकडे शब्द होते:

*हो म्हण.*

ती तिथेच पोत्यावर बसली. तिला 'नंतर' आठवलं. 'का?' विचारल्यावर खाली गेलेली त्याची मान आठवली. गालांवर ऊब चढली ती भट्टीची नव्हती, आणि हे काकांनाही कळत होतं, कारण ते चहा ओतायचं सोडून छताकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं!" ती म्हणाली.

"मला वाचता येतं थोडंफार," काका म्हणाले. "घालू का भट्टीत?"

"नको!" तिने गोळा छातीशी धरला. "फुटला तर?"

"आणि न घालता कसं कळणार?"

तिने स्वतःच्या हाताने तो छोट्या भट्टीत ठेवला. एकटाच. दार लावलं. आणि मग ती काचेच्या छिद्रासमोर उभी राहिली ती जागची हलली नाही. दहा मिनिटं. वीस. छातीत एवढं धडधडत होतं की तिला वाटलं, या आवाजात फट् झालं तर ऐकूसुद्धा येणार नाही. अर्धा तास. आत गोळा लाल झाला, मग नारिंगी. आणि मग, तिने डोळे चोळून पुन्हा बघितलं, तो फुगायला लागला. हळूहळू, भाकरी तव्यावर फुगावी तसा.

फट् झालंच नाही!

संध्याकाळी तो गार होऊन बाहेर आला तेव्हा संत्र्याएवढा झाला होता. आणि गोळ्याबरोबर अक्षरंही मोठी झाली होती. तिने तो टाकीत सोडला. तो बुडी मारून वर आला, एक गिरकी घेतली, आणि 'हो म्हण' वर करून डुलत राहिला.

"काकाऽऽ!" ती एवढ्या जोरात ओरडली की आत्या वरच्या खोलीतून धावत खाली आली.

त्या संध्याकाळी परातीतून दहावी रास निघाली. पीठ पहिलंच, सगळ्यात साधं. काकांनी आपली किटली खाली उतरवली, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि सगळी फळी गोट्यांना दिली. लहान जीव त्या, त्यांना चार दिवस कशाला. बुधवारची संध्याकाळ ते शुक्रवारची सकाळ पुरली. शुक्रवारी त्या भट्टीतून निघाल्या. अकराच्या ठोक्याला टाकीत पडल्या. आणि शनिवारी सकाळी चाळणी टाकीपाशी आली तेव्हा काठावर कोणी उभं नव्हतं. तिने डोळे मिटले, उघडले.

सगळ्या वर होत्या. एकूण एक!

अकरा वाजता मोठे साहेब आले. त्यांच्या मागे, मान खाली घालून, हेल्मेट. तो दारातच थांबला. फरशी बघून पाय टाकला.

"याने मला सगळं सांगितलंय," साहेब म्हणाले. "नमुने याच्यामुळे बिघडले म्हणून चार दिवस मागत होता. मी दिले नाहीत. काय आहे ते दाखवा."

तिने नुसतं टाकीकडे बोट केलं. साहेबांनी वाकून बघितलं. हेल्मेटने बघितलं, आणि त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. तपकिरी गोट्यांच्या गर्दीत मधोमध एक संत्र्याएवढा गोळा डुलत होता. अक्षरं तिने मुद्दाम खाली केली होती.

"हे मोठं काय?" साहेबांनी विचारलं.

"तो वेगळा नमुना आहे," ती म्हणाली. "त्याची चाचणी माझी मी घेणार आहे."

हेल्मेटच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाकीचं हेल्मेटखाली असल्यामुळे दिसलं नाही.

प्रेस साहेबांनी स्वतः चालवला. काटा चढायला लागला. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं, आत्यासुद्धा नाही. काटा लाल रेघेपाशी आला, तिथे जरासा रेंगाळला... आणि पुढे गेला. चांगला दोन बोटं पुढे गेला!

"मजला होणार," साहेब म्हणाले, एवढंच. पण म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला. आत्याने पदराने डोळे टिपले आणि लगेच भाचीवर ओरडली, "उभी काय राहिलीस? चहा सांग सगळ्यांना!"

साहेबांना घेऊन आत्या वर गेली, आणि टाकीपाशी दोघंच उरले. बाहेर दगड फोडायचं यंत्र खडखडत होतं.

"मला माफ कर," तो म्हणाला. "तुझं नववं पीठ..."

"बुडालंच असतं ते. तुझ्या गोळ्यामुळे तर कळलं." तिने पाण्यात हात घालून गोळा उलटा केला. 'हो म्हण' वर आलं. "पण हे काय? नुसतं उत्तर? प्रश्न कुठे आहे?"

"तो... मी नंतर विचारणार होतो."

"मग विचार ना! किती दिवस 'नंतर'?"

त्याने एक मोठा श्वास घेतला. "लग्न करशील माझ्याशी? मला माहीतेय, दोनच आठवडे झालेत. पण मला रोज सकाळी त्या टाकीच्या काठावर तुझी वाट बघायची सवय लागलीय, आणि ती मला मोडायची नाहीये. खूप आवडतेस तू मला. हात हवेत फिरवत बोलतेस तेव्हा तर..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तपासणीवाली होती. तिने ओठ दाबले.

"उत्तर मी लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "काकांच्या फळीवर. आज सकाळीच गोळा वळला. चार दिवस वाळेल, मग भट्टीत जाईल, मग वाच."

"चार दिवस! अगं, मला आत्ता साहेबांबरोबर निघायचंय. ओव्हनमध्ये दोन तासांत..."

"खबरदार! घाई केली की फुटतं. अजून शिकला नाहीस?"

तो हिरमुसला, पण हसला. "बरं. चार दिवस." आणि खरंच निघाला. अंगणात साहेबांची गाडी सुरू झालेली होती. तो फाटकाकडे चालत गेला, सावकाश, जमिनीकडे बघत.

ती खिडकीशी उभी राहिली. चार दिवस म्हणजे काय असतं? बुधवारपर्यंत. रविवार, सोमवार, मंगळवार... सोमवारी तर टाकीपाशीही कोणी नसणार. गोट्यांचं ठीक आहे, त्यांना कुठे मन असतं! ती खिडकी सोडून धावत सुटली.

"अरे थांब!"

यंत्राच्या खडखडाटात काही ऐकू जाईना. तिने त्याला फाटकात गाठलं आणि त्याची बाही ओढली.

"काय?" तो ओरडला.

"हेल्मेट काढ!"

"काय?"

तिने स्वतःच ते उचललं. खाली टक्कल नव्हतं. दोन आठवडे दाबून ठेवलेले दाट केस सुटल्यासारखे सगळ्या दिशांना उभे राहिले. तिला हसू फुटलं. ती चवड्यांवर उंच झाली आणि त्याच्या कानात म्हणाली, "हो. हो म्हणतेय मी. गोळा वाळेल तेव्हा वाळेल!"

तो तिच्याकडे बघत राहिला. "ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

"लबाड! आलंय ऐकू."

"एकदाच."

तिने पुन्हा सांगितलं. गाडीत साहेब दुसरीकडे बघत बसले. वरच्या खिडकीत आत्या काकांना म्हणाली, "चार दिवस वाळवायचं म्हणणारी ती हीच ना हो?"

"आणि गोळ्यावर मग काय लिहिलंयस?" त्याने विचारलं. "'हो' तर सांगून टाकलंस."

"तू मला कधीपासून आवडतोस, ते. येऊन बघ. त्याला मात्र चार दिवसच."

बुधवारी तो उजाडता उजाडता आला, हेल्मेट काखेत घेऊन. काकांनी गोळा भट्टीत घातला, आणि दुपारी दार उघडलं. गोळा चांगला टम्म फुगला होता, कुठे केसाएवढाही तडा नाही. गार झाल्यावर त्याने तो दोन्ही हातांत धरून फिरवला. अक्षरं तिची, नीट, रेघ आखल्यासारखी. शब्द एकच होता:

*टाकीपासून.*